अर्धं अकोल्याचं, अर्धं अमरावतीचं

श्रावणातला पाऊस होता तो. पडतोय म्हणावं तर अंग भिजत नव्हतं, थांबलाय म्हणावं तर ओढणी कोरडी राहत नव्हती. आकांक्षा गावंडे सकाळच्या गाडीनं अकोल्याहून निघाली आणि अमरावतीच्या इतवारा बाजारात पोचली, तेव्हा तिच्या चपला चिखलानं जड झाल्या होत्या. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. टीव्हीला जोडता येईल असं जुन्या धाटणीचं ग्राफिक्स कार्ड.

अकोल्यात ते मिळत नव्हतं. नव्या बोर्डांची खाच निराळी, नवी कार्डंही निराळी. जुनं पाहिजे असेल तर इनायतुल्ला चाचांकडे जा, असं तिला तिथल्या दुकानदारांनीच सांगितलं होतं. चाचांचं दुकान म्हणजे एक लांबुळकी खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले मदरबोर्ड, कोपऱ्यात केबलींचा गुंता, आणि टेबलावर पत्र्याच्या डब्यात पत्त्यांसारखी उभी लावलेली कार्डं. आकांक्षा एकेक कार्ड मागं सारत गेली आणि अखेर ते दिसलं. हिरवं, पंखा नसलेलं, पाठीमागं टीव्हीच्या वायरीचं गोल भोक असलेलं. तिनं हात घातला... आणि त्याच क्षणी पलीकडून आणखी एका हातानं त्याचं दुसरं टोक धरलं.

तिनं मान वर केली. समोर एक उंचेला, सावळा मुलगा उभा होता. भुवयांवर पावसाचे थेंब तसेच राहिलेले. तो कार्डाकडे नाही, तिच्याकडेच बघत होता. लक्षात आल्यावर त्यानं घाईघाईनं नजर खाली केली, पण कार्ड काही सोडलं नाही.

“मी आधी धरलं,” आकांक्षा म्हणाली.

“मी आधी पाह्यलं.”

“पाह्यल्यानं काय होते?”

“पाह्यल्यानंच त सुरू होते सारं...” तो बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आकांक्षाला हसू आलं. ते तिनं गालातच दाबलं.

इनायतुल्ला चाचा काउंटरमागं बसून हा तमाशा बघत होते. तसं कार्ड एकच आहे, दुसरं आता येणार नाही, असं सांगून त्यांनी दोघांची उलटतपासणी सुरू केली. कोणाला कशासाठी पाहिजे, कोणाकडं काय काय सामान आहे?

मुलाचं नाव सहदेव ढोरे. गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या मोजायचा कॉम्प्युटरचा काटा तो सांभाळायचा. गेली दोन वर्षं कापूस धड पिकला नव्हता. पिकला तो बाहेर गेला, आणि जिनिंगला कुलूप लागलं. मालकानं हापिसातले कॉम्प्युटर भंगारात काढले, त्यातलं लागेल ते ने म्हणाला. म्हणून सहदेवकडे बोर्ड होता, कॅबिनेट होतं, हार्ड डिस्क होती, रिमोटसकट टीव्हीचं ट्यूनर कार्डही होतं. पण रॅम जळालेली आणि प्रोसेसर कोणीतरी आधीच काढून नेलेला.

आकांक्षाचं नेमकं उलटं. अकोल्याच्या जठारपेठेतल्या ज्या इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवायची, तिथली जुनी मशीनं मोडीत निघाली होती. तिच्या वाट्याला रॅम आली होती, प्रोसेसर आला होता, पॉवर सप्लाय आणि डीव्हीडीचा ड्राइव्ह होता. पण ते बसवायला बोर्ड नव्हता, की ठेवायला डबा नव्हता.

चाचांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग दोन्ही हातांतून ते कार्ड अलगद सोडवून घेतलं.

“बेटा, तुह्याकडं बी पुरं मशीन नाई, याच्याकडं बी नाई. दोघांचं मिळून एक होते. मी कार्ड देईन ते त्या एका मशीनले. नाई त राहू द्या डब्यात.”

दुकानाच्या पायरीवर उभं राहून दोघांनी तह केला. आकांक्षानं आपलं कारण सांगून टाकलं. इन्स्टिट्यूटमध्ये हार्डवेअरचा वर्ग सुरू व्हायचा होता. तो तिला हवा होता. पण तिथले ओमप्रकाश सर म्हणायचे, मुलींनी टायपिंग शिकवावं, एक्सेल शिकवावं, पेचकस हातात घ्यायला पोरं आहेत. तिनं त्यांना शब्द दिला होता, की मोडीतल्या सामानातून असं मशीन उभं करून दाखवीन की घरातला टीव्ही थेटर होऊन जाईल. पोळा झाल्यावरच्या रविवारी, नव्या पोरांसमोर आणि त्यांच्या मायबापांसमोर. सरही हट्टाला पेटले होते. दाखवलंस तर वर्ग तुझा, म्हणाले.

सहदेवला तिनं विचारलं, तर तो नुसतं म्हणाला, “घरी सिनेमा पाहाले.”

एवढ्यासाठी भांडत होता हा... आकांक्षाला जरा गंमतच वाटली. ठरलं असं, की जोडायचं काम सहदेवच्या घरी करायचं, कारण टीव्ही त्याच्याकडं मोठा होता. आधी मशीन अकोल्याला दाखवायला न्यायचं, मग अमरावतीला आणायचं. पुढं ते कायमचं कोणाकडं राहणार, हे दोघांनीही विचारलं नाही.

“घरी आई असते,” सहदेव घाईनं म्हणाला. “एकटा नसतो मी.”

“मी काही म्हटलं का?” आकांक्षा म्हणाली, आणि ओढणी डोक्यावर घेऊन पावसात उतरली. रस्त्याच्या वळणावर तिनं एकदा मागं बघितलं. तो तिथंच उभा होता, कार्डाची पुडी छातीशी धरून.

पुढच्या रविवारी पिशवीत सामान घेऊन ती त्याच्या घरी गेली. दार उघडलं ते रुख्मिणीबाईंनी. पन्नाशीच्या, टापटीप लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. आकांक्षानं नमस्कार करून नाव सांगितलं. बाईंनी तिच्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं, हसल्या, आणि काहीच न बोलता आत निघून गेल्या. आकांक्षाला वाटलं, आपलं येणं आवडलेलं दिसत नाही.

कामाला मात्र हात लागला तसा वेळेचा पत्ता राहिला नाही. सुदैवानं दोघांचं सामान एकाच काळचं निघालं. अकोल्याचा प्रोसेसर अमरावतीच्या बोर्डात असा बसला, जशी त्याचीच जागा होती. आकांक्षा स्क्रू आवळायची, सहदेव बॅटरीचा उजेड धरायचा. मधूनच उजेड बोर्डावरून सरकून तिच्या चेहऱ्यावर जायचा.

“बोर्ड इकडं हाय,” ती वर न बघता म्हणायची.

“हो... माहीत हाय मले.”

दुपारी मशीन सुरू झालं, पण पंख्याची घरघर अशी की ट्रकच उभा राहिला अंगणात. ती कमी करायचा उपाय सहदेवनं स्वतःच केला. आकांक्षा हात धुवायला गेली तेवढ्यात या जिनिंगवाल्यानं पंख्याभोवती पांढराशुभ्र कापूस कोंबला. घरघर थांबली. थोड्या वेळानं मशीनही थांबलं. आकांक्षानं झाकण उघडून हात लावला तर चटका बसला.

“बाप्पा... पेटलं असतं न हे. काहून कोंबला कापूस?”

“आवाज कमी करून राह्यलो होतो.”

“मशीनचाच आवाज का एवढा खटकून राहिला? घरात त एवढा सन्नाटा हाय. तुमची आई बोलतही नाई माह्यासंगं.”

सहदेव हातातला कापूस पिंजत राहिला. मग त्यानं सांगितलं. तीन पावसाळ्यांपूर्वी आईला मोठा ताप आला. त्यातून ती उठली, पण कान गेले ते गेलेच. कानातल्या यंत्राचाही उपयोग होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर एका लग्नात कोणी काही विचारलं, तिनं भलतंच उत्तर दिलं, आणि सगळ्या बाया हसल्या. त्या दिवशी घरी आली ती आली. पुन्हा कोणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही, शेजारच्या ओसरीवरही नाही. टीव्हीसमोर बसते, चित्रं बघते, आणि बाकीचे हसले की आपण उठून स्वयंपाकघरात जाते.

“म्हनून सिनेमा,” तो म्हणाला. “मी त्यातलं सारं बोलणं टाइप करून राह्यलो, मराठीत, कॅफेतल्या कॉम्प्युटरवर. ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. साध्या डीव्हीडीवर ते येत नाई, त्याले कॉम्प्युटरच लागते. पडद्याच्या खाली अक्षरं आली, तर तिले वाचता येईन. वाचते ती चांगली, पेपर पुरा वाचते.”

मघाचं आपलं बोलणं आकांक्षाला सुईसारखं टोचत होतं. तिनं त्याच्या हातातला कापसाचा बोळा काढून घेतला.

“पंखा मी बदलते,” ती हळूच म्हणाली. “मोठा, संथ फिरणारा हाय माह्याकडं. आणीन पुढच्या खेपेले.”

तेवढ्यात लाइन गेली, दिवा विझला. त्या दिवसांत ती रोजच जायची, आणि गेली की पुष्कळ वेळ यायची नाही. दोघं ओसरीवर येऊन बसले. पत्र्यावरून पावसाची धार लागली होती. रुख्मिणीबाईंनी बाहेर येऊन दोघांच्या मध्ये भाजलेल्या शेंगांचं ताट ठेवलं आणि आकांक्षाच्या ओल्या केसांवरून अलगद हात फिरवून गेल्या.

मग रविवारमागून रविवार आकांक्षा अमरावतीची गाडी धरू लागली. मधल्या दिवसांत सहदेवचा फोन यायचा. मशीन बरं आहे, हे सांगायला. मशीनला काही झालेलं नसायचं, आणि ते दोघांनाही ठाऊक असायचं. मग ती विचारायची, मशीन काय म्हणून राहिलं? तो म्हणायचा, तुमची आठवण काढून राहिलं. एकदा तीच पटकन म्हणाली, मशीनले सांग, मीही काढते... आणि फोन ठेवून दिला. त्या एका ‘सांग’मध्ये ती ‘तुमी’वरून ‘तू’वर आली होती. पुढच्या रविवारी सहदेवनं शेंगा सोलून दाणे तिच्या बाजूला ठेवायला सुरुवात केली.

सगळं जुळत आलं आणि अक्षरांनी दगा दिला. सहदेवनं महिनोन्‌महिने टाइप केलेलं बोलणं टीव्हीवर आलं ते फुटून. जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या भलत्याच अक्षरापुढं जाऊन बसलेल्या. वाचणाऱ्याला वाटावं, कोणीतरी अक्षरं सुपात घेऊन पाखडली आहेत. सहदेवनं किती पालथं घातलं, पण काही केल्या ती सरळ होईनात. रुख्मिणीबाई पडद्याकडं बघत राहिल्या, मग पोराच्या खांद्यावर थोपटून आत गेल्या. सहदेवचा चेहरा आकांक्षाला बघवला नाही.

तो आठवडा तिनं इन्स्टिट्यूटमधल्या मशीनांवर डोकं फोडत घालवला. विंडोजच्या मूळ सीडीत आपल्या भाषांची अक्षरं नीट जुळवणारा एक भाग असतो, तो आधी टाकावा लागतो. शोधत शोधत ती तिथवर पोचली. सर विचारायचे, मॅडम, होणार का रविवारी? ती म्हणायची, होईन.

दाखवायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सुटी काढून ती अमरावतीला आली. सीडी घातली, मशीन बंद करून सुरू केलं. अक्षरं बरोबर येतात का बघायला एखादी ओळ टाइप करायची होती. सहदेव म्हणाला, काहीही लिही. आणखी एक त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. आईनं सिनेमा आधी घरी बघावा असं त्याच्या मनात होतं, पण लाइनचा भरवसा नाही आणि सकाळी मशीन अकोल्याला जायचं. जाऊ दे. एवढे दिवस थांबली, आणखी थांबेल. आणि हो, ओळी बोलण्याच्या जराशा आधीच येतात, ते दुरुस्त करायचं राहून गेलं.

“ते असंच राहू दे,” आकांक्षा म्हणाली. “वाचायले वेळ लागते न.”

तिनं की-बोर्ड मांडीवर घेतला. रुख्मिणीबाई दारात उभ्या होत्या. तिनं त्यांना हातानं खूण करून टीव्हीसमोर बसवलं, आणि ओळ लिहिली. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी, सरळ, एकमेकांचे हात धरलेली अक्षरं उमटली.

काकू, उद्या माझ्यासोबत अकोल्याला याल का?

रुख्मिणीबाईंनी ती मोठ्यानं वाचली. त्यांना स्वतःचा आवाज कळायचा नाही, म्हणून तो अख्ख्या घरात घुमला. वाचून त्या दचकल्याच. पडद्यावरचं बोलणं आपल्याशीच आहे, हे कळायला त्यांना एक क्षण लागला.

“मी? लोकाइत?” त्यांनी मान हलवली. “नाई व पोरी. मी हसली अन् बाकीचे नाई हसले, त?”

सहदेवनं मान खाली घातली. आकांक्षाची बोटं की-बोर्डवर थांबली. मग तिनं सावकाश लिहिलं.

मी हसेन तुमच्यासोबत.

ते अक्षर अक्षर उमटताना सहदेव बघत होता. पडद्याकडून त्याची नजर तिच्याकडं आली, आणि या खेपेला ती त्यानं खाली केली नाही. आकांक्षानं ओठ उघडले, आणि लाइन गेली. टीव्ही विझला. ढगाळ दुपारच्या मंद उजेडात तिघंही तसेच बसून राहिले.

“कोनती साडी नेसू मंग?” रुख्मिणीबाई म्हणाल्या.

रविवारी इन्स्टिट्यूटचा हॉल भरला होता. नवी पोरं होती, पोरी होत्या, त्यांना सोडायला बार्शीटाकळी, पातूरकडून आलेले बाप होते, दोन-चार आया होत्या. लाइन नव्हतीच, पण इन्व्हर्टर चार्ज करून ठेवला होता. मोठा टीव्ही टेबलावर मांडला होता. पहिल्या रांगेत हिरव्या इरकली साडीत रुख्मिणीबाई बसल्या होत्या. पाठ ताठ, पदर बोटाला गुंडाळलेला. सहदेव त्यांच्या शेजारी, त्यांच्याहून घाबरलेला.

आकांक्षानं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि मशीन नुसतंच बीप करत राहिलं. पडदा काळा.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागच्या बाकावरची पोरं खिदळली. ओमप्रकाश सर पुढं आले. ते वाईट नव्हते. त्यांनी हळू आवाजात, समजुतीनं म्हटलं की मॅडम, राहू द्या, मी पोरांना बोलावतो, ते बघतील काय झालं ते.

“थांबा सर,” आकांक्षा म्हणाली. “हे काय म्हनते ते मले समजते.”

तिनं पॉवर काढली, ओढणी खांद्यावर मागं बांधली आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं. बसच्या हादऱ्यांनी रॅम खाचेतून ढिली झाली होती. ती काढली, पुसली, दोन्ही अंगठ्यांनी एकसारखा दाब देऊन परत बसवली. टक् असा आवाज हॉलभर ऐकू आला. पहिल्या रांगेत सहदेव खुर्चीच्या कडेवर सरकला होता, ते तिला दिसत होतं.

बटण दाबलं. एकच लहानशी बीप, आणि पडद्यावर रंग उघडले.

सिनेमा जुना होता, विनोदी. एक घरमालक, त्याचा बेरकी भाडेकरू, आणि त्यांचं रोजचं भांडण. खाली पांढऱ्या अक्षरांत बोलणं येत होतं. रुख्मिणीबाई पुढं झुकून वाचत होत्या. त्यांचे ओठ बारीक हलत होते. लोक बघत होते. आकांक्षा भिंतीला टेकून फक्त रुख्मिणीबाईंना बघत होती.

भाडेकरूनं तोंड उघडायच्या आतच खाली त्याची ओळ आली. आणि रुख्मिणीबाई हसल्या. खळखळून, मोठ्यानं. एकट्याच.

सगळा हॉल त्यांच्याकडं वळून बघायला लागला. त्यांच्या ते लक्षात आलं. पदर तोंडाकडं गेला, चेहऱ्यावरचा रंग उतरला. आकांक्षानं अजून विनोद ऐकलाही नव्हता, तरी ती हसली... दिलेला शब्द होता. आणि तिचं हसू विरायच्या आत भाडेकरूचं वाक्य कानावर आलं, आणि अख्खा हॉल हशानं फुटला. बाकावरची पोरं, दारातला शिपाई, पांढऱ्या टोपीतले बाप, सगळेच.

रुख्मिणीबाईंनी मागं वळून बघितलं. लोक हसत होते. त्या हसल्या त्याच विनोदावर, त्यांच्या मागोमाग.

पुढच्या वेळी त्यांनी पदर तोंडाला लावला नाही. पुढच्या वेळी लोक पडद्याकडं नाही, त्यांच्याकडं बघू लागले. बाई हसल्या म्हणजे आता काहीतरी येणार, हे पोरांना कळलं होतं. त्या हसायच्या आणि हॉल आधीच गुदगुल्या झाल्यासारखा हलायला लागायचा. मागून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढं आले. त्यांनी आपल्या कानाला हात लावून नाही अशी खूण केली, पडद्याखालच्या अक्षरांकडं बोट दाखवलं आणि रुख्मिणीबाईंच्या शेजारच्या खुर्चीकडं वळले. सहदेवनं उठून त्यांना जागा करून दिली आणि तो भिंतीपाशी येऊन आकांक्षाच्या बाजूला उभा राहिला. दोघांचे हात बाजूबाजूला होते. कोणाचा हात आधी सरकला ते दोघांनाही सांगता आलं नसतं, पण सिनेमा संपेपर्यंत त्याची करंगळी तिच्या करंगळीत होती.

दिवे लागले तेव्हा ओमप्रकाश सर बराच वेळ मशीनच्या उघड्या बाजूनं आत बघत उभे होते. मग ते पोरांकडं वळले आणि हार्डवेअरच्या वर्गाला नाव द्यायचं असेल त्यांनी गावंडे मॅडमकडं द्यावं, असं सांगितलं. मागच्या बाकावरून टाळ्या सुरू झाल्या. पहिली उठली ती पातूरची एक पोरगी. नाव लिहून घ्या म्हणाली.

संध्याकाळी अकोल्याच्या बसस्टँडवर अमरावतीची गाडी लागली होती. बारीक पाऊस होता. रुख्मिणीबाईंना खिडकीची जागा मिळाली. चादरीत गुंडाळलेलं मशीन त्यांनी हौसेनं आपल्याच मांडीवर घेतलं. सहदेव खाली उभा होता, आकांक्षाच्या छत्रीत अर्धा, पावसात अर्धा.

“मशीनचं...” तो म्हणाला, “कोनाच्या घरी राहीन, ते ठरलंच नाई.”

“तुह्या घरी ने.”

“अन् तुह्यी रॅम? प्रोसेसर?”

“राहू दे तिथंच.”

“मंग तुले लागन तवा...”

“मले परत नाई पाह्यजे.” आकांक्षानं छत्रीची मूठ घट्ट धरली. “मीच येईन म्हनते तिथं. राहाले.”

सहदेवनं तिच्याकडं बघितलं. त्याच्या भुवयांवर थेंब जमत होते. ते पुसायचंही त्याला सुचेना. ड्रायव्हर चढला, इंजिन घरघरलं.

“तू विचारतं, का मी विचारू?” ती म्हणाली.

“तूच विचार... माह्यी जीभ नाई वळून राहिली.”

“लगन करशीन माह्यासंगं?”

कंडक्टरनं दार लावलं. सहदेव तोंड उघडून तसाच उभा. आणि वरून, खिडकीतून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात रुख्मिणीबाई म्हणाल्या, “हो म्हन न रे सहदेव! मले ऐकू येत नाई, पन दिसते त. गाडी सुटून राहिली.”

“हो!” सहदेव ओरडला. जणू आईलाही ऐकू जावं, असा जीव तोडून. फलाटावरचे लोक थांबून बघायला लागले. शेंगावाल्यानं सुपातला हात सुपातच ठेवला. आकांक्षाचा चेहरा लाजेनं आणि हसण्यानं असा फुलला की तिला छत्री पुढं करावी लागली.

घंटी वाजली. सहदेव दाराकडं धावणार, तर रुख्मिणीबाई कंडक्टरला सांगत होत्या की चालू द्या भाऊ, त्याची वाट पाहू नका, त्याले काम हाय इथं. गाडी हलली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, मग तोच हात शेजारणीच्या खांद्यावर ठेवला आणि तिला काहीतरी सांगायला लागल्या. नंतर कंडक्टरकडूनच कळलं, मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी अख्ख्या गाडीला तो सिनेमा सांगितला होता, घरमालकाच्या आणि भाडेकरूच्या आवाजासकट.

गाडी वळणाआड गेली. सहदेव तिच्या जाण्याकडं बघतच राहिला होता.

“आई गेली न व...” तो म्हणाला.

“पुढची गाडी हाय अजून. तवरक घरी चाल.”

“कोनाच्या?”

“माह्या. बाबा घरीच असतीन. चहा पिऊन जाशीन.”

सहदेवचे पाय जागच्या जागी थबकले. “आजच? काय म्हनतीन ते?”

आकांक्षानं छत्री त्याच्या डोक्यावर नीट धरली आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला, सगळ्या स्टँडसमोर.

“म्हनतीन काय... मी सांगीन त्याइले, पाहून-तपासून आणला म्हनून. चाल.”

आणि पावसातून, चिखल चुकवत, एका छत्रीत ती दोघं तिच्या घराच्या रस्त्याला लागली. तो अजून घाबरलेला होता. ती मात्र मुळीच नाही.